गाडी जाईल एवढी फट

१

मर्व टिलब्रुकनं चौतीस वर्षं हमरस्त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या. होबार्टहून लॉन्सेस्टनला जाताना रस्त्याच्या मधोमध जी रेघ दिसते तिच्यातली निम्मी आपल्या हातची, असं तो सांगायचा. आणि तिसरा ग्लास पोटात गेला की उरलेली निम्मीही त्याचीच व्हायची. गावात म्हणत, मर्वच्या रेघेवरून मुंगी चालली तर तिलाही आपल्या वाकड्या चालीची लाज वाटते. निवृत्त झाल्यावर रेघा मारायला रस्ता उरला नाही, तेव्हा त्यानं घराभोवतीची हिरवळ धरली. दर शनिवारी दोरी लावून कड कापायची, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघायचं, आणि मग तासभर कुणाशी बोलायचं नाही. इतकं समाधान.

पण या वर्षी समाधान कुठलं! नोलीन घरातून निघून जायला लागली होती.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारातली बायको. तिचा आजार असा की तिला मर्वचं नाव आठवायचं नाही, पण कुठंतरी वेळेवर पोचायचंय हे पक्कं आठवायचं. दिवसातून वीसदा विचारायची, "निघू का मी?" मर्व म्हणायचा, "चहा घे आणि निघ." चहा संपेस्तोवर ती विसरायची. हिवाळ्यात मात्र दोनदा विसरली नाही. दोन्ही वेळा लाकडाच्या ट्रकवाल्यानं तिला रस्त्यावरून उचलून घरी आणलं. अंगात नाइटी, हातात पर्स, आणि चालत होती ती मर्वनंच कधीकाळी मारलेल्या पांढऱ्या रेघेवरून, अगदी सरळ.

होबार्टहून मुलीचा, ट्रूडीचा, फोन आला. "बाबा, लॉन्सेस्टनच्या वृद्धाश्रमात आईचं नाव घातलंय. आता तिसऱ्यांदा गेली तर मी तुझं काही ऐकणार नाही."

"ती तिथं मरेल, ट्रूडी."

"आणि रस्त्यावर काय होईल?"

याचं उत्तर दिलं तपासायला येणाऱ्या नर्सनं. जाता जाता म्हणाली, या आजारात माणसं जमिनीवरची गडद पट्टी ओलांडत नाहीत, त्यांना तो खड्डा वाटतो. दारात काळी चटई टाकून बघा.

चटई कसली! मर्वचे कान फक्त एका शब्दापुरते उघडे होते. पट्टी. म्हणजे रेघ. ती तर त्याला येतच होती.

२

त्या भागात जुन्या विटांना तोटा नाही. गावाबाहेर बायकांचा तुरुंग होता, कैदी जहाजांतून यायचे त्या काळातला. तो कधीच पडला, पण त्याच्या विटांनी निम्म्या गावाची खुराडी आणि वाफे बांधले गेले. हातानं थापलेल्या, गडद लाल, आणि बहुतेकींच्या एका अंगाला अंगठ्याचा खळगा. ओली वीट साच्यातून काढताना कुणाचा तरी दाबला गेलेला. प्रवासी त्यांचे फोटो काढतात. गावकरी त्यांच्यावर कोंबड्यांचं पाणी ठेवतात.

शेजारच्या ग्लेनिस हॉकरच्या परसात अशा तीन-चारशे विटा पडून होत्या. ग्लेनिस सत्तरीची, नवरा गेलेला, तोंड शाबूत. तिनं विटा फुकट दिल्या आणि मोबदल्यात आठवडाभर कुंपणावर हात टेकून मर्वची चेष्टा केली.

मर्वनं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, वीतभर चर खणला, तळाला वाळू पसरली. मग एकेक वीट रबरी हातोड्यानं ठोकत, अंगठ्याचे खळगे बाहेर, रस्त्याच्या बाजूला दिसतील असे ठेवत, घराला पूर्ण वेढा घातला. गुलाब आत, कपड्यांची दोरी आत, घर मध्ये. पुढचं टोक मागच्या टोकाला भिडलं तेव्हा शेवटची वीट अशी बसली की जणू तिथल्यासाठीच भाजली होती.

"अरे मर्व," ग्लेनिस ओरडली, "फट कुठंय?"

"कसली फट?"

"गाडीची! एकचाकी हातगाडी जाईल एवढी फट ठेवतात ना रे. या विटांची कड करताना सगळेच ठेवतात. माझ्या आजोबांनी खुराड्यालासुद्धा ठेवली होती. कोंबड्या पळायच्या, पण फट ठेवली होती."

"कशाला पण?"

"कशाला म्हणजे? गाडी न्यायला! तू काय उचलून नेणार आहेस?"

"नेईन उचलून. फट ठेवली तर नोलीन तिथूनच जाईल."

ग्लेनिसनं फोन काढून त्याचा आणि कडेचा एक फोटो घेतला. "माझ्या बागेचा फुकट्या माळी," म्हणाली.

दुपारी नोलीन पर्स घेऊन बाहेर पडली. मर्व व्हरांड्यात श्वास धरून बसला होता. ती हिरवळीवरून सरळ चालत कडेपाशी आली. चपलेचं टोक विटेला लागलं. थांबली. खाली बघितलं. आणि पाहुण्यांच्या घरात चुकीचं दार उघडावं तशी ओशाळून मागं वळली.

मर्वच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी त्यानं बेकरीतून शिंपल्यांचं सारण भरलेले दोन पाव आणले, एक ग्लेनिसला दिला.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर उचलायला गेला तेव्हा त्याला दिसलं की खळगे आत वळलेत.

सगळे. एकूण एक. घराला वेढून बसलेल्या शेकडो अंगठ्यांच्या खुणा घराकडे तोंड करून.

मर्वनं आधी ग्लेनिसला नावं ठेवली. मग प्रवाशांना. मग स्वतःला: आपणच अशा लावल्या असतील, सदुसष्ट वर्षांच्या डोक्याचा काय भरवसा! एवढ्या विटा उपसून उलट्या लावायच्या तर वाळू तरी विस्कटली असती. वाळू जशीच्या तशी होती, वर मांजराची पावलं वाळलेली.

त्यानं ग्लेनिसकडे जाऊन फोटो मागितला. फोटोत खळगे बाहेर होते.

"म्हणजे मी रात्री उठून तुझ्या विटा फिरवल्या?" ग्लेनिस म्हणाली. "मला रात्री उठून न्हाणीघरापर्यंत पोचता आलं तरी मी देवाचे आभार मानते."

मर्व हसला. परत आल्यावर त्यानं एका खळग्यात स्वतःचा अंगठा घालून बघितला. जाईना. लहान होता खळगा, बाईचा किंवा मुलाचा. दव पडून ओला झालेला. अंगठ्याला लालसर लागलं ते त्यानं पँटला पुसलं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी भाजलेल्या विटेचा चिखल कसा होईल, हा प्रश्न त्याला दुपारी भांडी घासताना पडला, आणि त्यानं नळ जोरात सोडला.

एक गोष्ट मात्र चांगली झाली होती. नोलीननं "निघू का मी?" विचारणं बंद केलं होतं.

४

गुरुवारी तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मर्वनं तिला कोट घातला, हात धरला, आणि दोघं गाडीकडे निघाले. कडेपाशी ती थांबली. "ये, मी आहे ना," म्हणत त्यानं तिला कमरेत धरून पलीकडे पाऊल टाकलं.

समोर स्वयंपाकघराची खिडकी होती.

मर्व उभाच राहिला. गाडी पाठीमागं होती. दोघं कडेच्या आतच होते, घराकडे तोंड करून. वळलो कधी आपण? त्यानं पुन्हा नेलं. या वेळी नजर गाडीच्या आरशावर रोखून, पावलं मोजत. सहा, सात, आठ. आणि समोर खिडकी, खिडकीत सकाळचा विसळलेला कप.

तिसऱ्यांदा त्याला घाम फुटला. तिला व्हरांड्यात बसवून तो एकटा गेला. सहज ओलांडली त्यानं कड. आत आला, परत बाहेर गेला. चौकीदार ओळखीचा असावा तसं त्याला कुणी अडवत नव्हतं.

"रक्तदाब," तो मोठ्यानं म्हणाला. डॉक्टरला फोन करून तारीख पुढं ढकलली, आणि पहार घेतली. गाडीच्या समोरच्या तीन विटा त्यानं उपसल्या आणि शेडच्या भिंतीला लावून ठेवल्या. झाली फट. ग्लेनिसचं खरं होतं, ठेवायलाच हवी होती. नोलीनला आणायला तो आत गेला. बुटांच्या नाड्या बांधायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला.

बाहेर आले तेव्हा फट नव्हती. आणि गुलाब कडेच्या बाहेर होते.

कड दोन ढांगा आत सरकली होती. जिथं त्यानं चर खणला होता तिथं गवत होतं. ताजं लावलेलं नव्हे, मुळं धरलेलं, मध्ये डेझीची फुलं उगवलेलं. उपसलेल्या तीन विटा शेडपाशी जिथल्या तिथं. मर्वनं टेप आणली. रेघेच्या माणसाला दुसरं काय सुचणार? तीन विटा कमी झाल्या तर वेढा फार तर चार बोटं आत यावा. हा दोन ढांगा आला होता. मग वेढ्याच्या उरलेल्या विटा गेल्या कुठं? तो कडेनं फिरला तेव्हा कळलं. कोपऱ्यावर विटेवर वीट होती. रेघ कुठं कुठं दोन थरांची झाली होती.

नोलीन कडेपाशी उभी राहून गुलाबांकडे बघत होती. हात पुढं करून ओढून घेतला, फुलं पाण्याच्या पलीकडे असावीत तसा.

५

त्यानं ग्लेनिसला बोलावलं. तिनं बघितलं, गुलाबांपाशी उभं राहून बराच वेळ बघितलं.

"तूच सरकवलीस," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय मी म्हणू, मर्व? तूच सांग ना मी काय म्हणू!" तिचा आवाज चिडका होता, पण चेहरा तसा नव्हता. मग बाह्या सरसावून म्हणाली, "तोडून टाकू या. चल." आणि मर्वनं अडवायच्या आत तिनं भराभर सात विटा उचलून कुंपणापलीकडे फेकल्या. फेकता फेकता दोघांनीही एकदाच कुंपणाकडे बघितलं असेल.

वळून बघतात तो कपड्यांची दोरी कडेबाहेर गेली होती. कड व्हरांड्याच्या पायरीला लागली होती, सगळीकडे दोन थर, घोट्याच्या वर. खळगे आत.

ग्लेनिस घरी गेली. कडी लावल्याचा आवाज आला. त्या गावात दिवसा कुणी कडी लावत नाही.

मर्वच्या आता ध्यानात आलं होतं. काढलं की आवळतं. म्हणजे घातलं की सैल व्हायला हवं. उरलेली दुपार तो काढलेल्या दहा विटा परत बसवायला झटला. दोन विटांमध्ये सुरीचं पातं जाईना. पहार घातली, पहार वाकली. वर ठेवलेली वीट तो वळला की बाहेरच्या गवतात पडलेली असायची. काढायला वाटेल तितक्या निघत होत्या, अगदी हलक्या, दुधाचा दात निघावा तशा. घालून मात्र ती कड एकही घेत नव्हती.

संध्याकाळी तो पायरीवर बसला. नोलीन शेजारी येऊन बसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, महिन्यांनंतर.

मर्वनं विचार केला, आणि मी म्हणतो त्याच्या जागी कुणीही केला असता. बिघडलं काय? ती घरात आहे. रस्त्यावर जात नाही. दात दुखले तर डॉक्टरच्या पाया पडून त्याला इथं आणू. घर आहे, व्हरांडा आहे, मी आहे. फक्त कुणी हात लावायचा नाही. एवढंच. विटेला कुणी हात लावायचा नाही.

त्यानं पुठ्ठ्यावर तसं लिहून व्हरांड्याच्या खांबाला टांगलं.

६

शनिवारी ट्रूडी आली. मागं ट्रेलर, पुढच्या सीटवर आश्रमाचे कागद.

"बाबा, जागा झालीय. सोमवारी न्यायचं."

"ती आता जात नाही कुठं. बघ तू."

ट्रूडीनं बघितलं. आई पायरीवर उभी, चपलेचं टोक विटांना लागलेलं, नजर खाली. किती वेळ? अर्धा तास. ट्रूडी बापाकडे वळली.

"तू आईला कोंडलंयस."

"ट्रूडी, ऐक..."

"खुराड्यात ठेवतात तसं! विटांना घाबरतेय ती, दिसत नाही तुला?" तिनं आईचा हात धरला. "चल आई, गाडीत बसू."

मर्वनं डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. ट्रूडीनं पुन्हा प्रयत्न केला. चौथ्या वेळी ती लाल होऊन म्हणाली, "मागं ओढतेय मला ती. किती ताकद आहे हिच्यात!"

"ती नाही ओढत."

"मग कोण ओढतंय, बाबा?"

त्यानं सगळं सांगितलं. खळगे, गुलाब, थर. सांगताना त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. चौतीस वर्षं थापा मारल्याचं फळ असं की पोटची मुलगी त्याच्याकडे, तिसरा ग्लास झालाय का, अशा नजरेनं बघत होती. मग ती नजर मऊ झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

"बाबा, तू थकलायस," ती म्हणाली. "आईला आंघोळ घाल. मी चहा टाकते. मग शांतपणे बोलू."

"विटांना हात लावणार नाहीस?"

"नाही लावत."

"शपथ घे."

"बाबा! चहा टाकते म्हटलं ना."

मर्वनं नोलीनला न्हाणीघरात नेलं. कोमट पाणी, पाठीला स्पंज. ती गुणगुणत होती. भिंतीपलीकडे टक् आवाज झाला. कपबश्या मांडतेय ट्रूडी. टक्. टक्. मर्वनं नोलीनला उठवून पायपुसण्यावर उभं केलं. टक्. कितीजणांचा चहा करतेय ही?

त्यानं खिडकीची काच पुसली.

ट्रूडी बागेतले हातमोजे घालून ट्रेलरपाशी उभी होती. ट्रेलर निम्मा भरला होता. त्याला बघून तिनं हात हलवला, आणि तो हसरा, घामेजलेला चेहरा अगदी लहानपणीचा होता, बाबांचं काम न सांगता करून ठेवलं की व्हायचा तसा. "चाळीस काढल्या!" ती ओरडली. "आता बघ आई कशी येते!"

मर्वनं खिडकी ठोकली. रंगानं चिकटलेली खिडकी, वीस वर्षं उघडली नव्हती. "थांब! ट्रूडी, थांब!" त्याच्या श्वासानं काच धुरकटली. त्यानं पुसली. ट्रूडी गोंधळून पायांपाशी बघत होती. तिच्या भोवती नुसती हिरवळ होती.

"बाबा!" ती आनंदानं ओरडली. "सगळ्याच गेल्या! एक वीट राहिली नाही!"

मर्व टॉवेल घ्यायला वळला. मग नोलीनकडे वळला.

ती तिथंच उभी होती, पायपुसण्यावर. तिच्याभोवती कमरेइतकी उंच, गोल, विहिरीच्या कठड्यासारखी भिंत होती. खालच्या फरशीला तडा नव्हता. दाराकडे जायला वाट होती. त्याला एकट्याला ती मोकळी होती, हे त्याला ठाऊक होतं. दुखरा गुडघा वर घेऊन तो कठड्यावर चढला आणि आत उतरला. टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला. दोघांना उभं राहायला जेमतेम जागा होती.

आतून सगळे खळगे दिसत होते. ओले. एकात नोलीननं आपला अंगठा घातला, आणि तो असा बसला की वर, खाली, बाजूला, कुठंच फट उरली नाही. ती हसली. वेळेवर पोचलेल्या माणसासारखी. शेजारच्या विटेतला खळगा मर्वच्या डोळ्यांदेखत किंचित खोल झाला, पलीकडून नव्हे, आतून दाबल्यासारखा. पण आत तर ते दोघंच होते.

पावलं वाजली. ट्रूडी दारात आली. हातमोजे अजून हातात, चेहऱ्यावरचा रंग उतरलेला.

"हे... बाबा, हे कुणी..."

"ट्रूडी," तो शक्य तितक्या हळू म्हणाला, "हात लावू नकोस. बाळा, माझं ऐक. जशी आहे तशी राहू दे. आम्हाला पुरे आहे एवढी जागा."

तिनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दोघं त्या कठड्यात, एका टॉवेलमध्ये. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"घाबरू नकोस बाबा," ती म्हणाली. "बाहेर यायला थोडी फट केली की झालं. गाडी जाईल एवढी."

आणि वाकून, दोन्ही हातांनी, फार जपून, तिनं वरची वीट उचलली.